जागच्या जागी वळणारं जनावर

गेनूतात्यांच्या अंगणातून सरळ रेषेत चालत गेलेला माणूस मी आजवर पाहिलेला नाही. पोस्टमन नाही, दूध डेअरीचा सेक्रेटरी नाही, मतं मागायला आलेला पुढारी तर नाहीच नाही. फाटकातून आत शिरलं की आधी बैलांच्या पाण्याची दगडी डोणी आडवी येते. तिला वळसा घातला की शेवगा. शेवगा चुकवला की जुन्या गोठ्याचा खुंट, मग चिकू, मग उखळ, आणि सगळ्याच्या पलीकडं आड. यातल्या कशाला तरी पुढारी ठेचकाळला की ओट्यावरून तात्यांचा काळजीचा आवाज येतो, "लागलं का? दगडाला इचारतोय, तुमाला न्हाई."

आमचं गाव जुन्नरहून घोडेगावला जाताना लागतं. माझं पाण्याच्या मोटरी भरायचं, म्हणजे जळालेलं वाइंडिंग नव्यानं गुंडाळायचं दुकान आहे आणि दुकानाची मागची भिंत तात्यांच्या कुंपणाला लागून. त्यामुळं सकाळी शटर वर केलं की देवाआधी मला तात्या दिसतात. सत्तरी कधीच ओलांडली, अंगावर मांस नाही, पण आवाज असा की माझ्या भट्टीवरचं वॉर्निश हलावं.

तरणेपणी तात्या बैलगाडा शर्यतीचे नादी. इकडून आंबेगावापर्यंत कुठल्याही यात्रेत घाटावर, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, त्यांची बैलं उतरली की माणसं चहा टाकून यायची म्हणे. आता बैलं नाहीत, गोठा नाही, पण बैलांसाठी राखलेलं ते दीड-दोन एकराचं अंगण तसंच आहे आणि तात्यांच्या तोंडची बैलांची भाषाही तशीच आहे. एसटी बघून म्हणतील, "मागच्या उजव्या पायात लंगडतीया." माझ्या जावयाला पहिल्यांदा बघितलं तर पाठीवर थाप मारून मला म्हणाले, "बाळू, चार दाती हाय. अजून उमदा हुईल." जावई आजही चहा पिताना तोंड मिटून असतो. गावातली माणसं मागं म्हणतात, अति शहाणा त्याचा बैल रिकामा. तात्यांच्या कानावर ते जातं. ते म्हणतात, "बैलच न्हाई तर रिकामा कुठनं आसंल?"

आता हौसाकाकींबद्दल सांगायला पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरून झालं. काकी म्हणजे तात्यांची बायको. काचबिंदूनं त्यांचे दोन्ही डोळे गेले, त्यालाही आता काही वर्षं झाली. पण रोज सकाळी अंघोळ करून, डोक्यावरचा पदर सारखा करून ही बाई एकटी अंगणात उतरायची आणि आडाजवळच्या जास्वंदीची फुलं देवाला आणायची. कुणी हात धरलेला खपायचा नाही. एकदा माझ्या बायकोनं प्रेमानं दंड धरला, तर काकी जागेवर उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "तू हात धरलास की मी आंदळी हुते बग. सोड." बायको रडत घरी आली.

यंदा पाऊस असा पडला की गवत काकींच्या कमरेला लागलं. आणि भाद्रपदात एक दिवस चिकूच्या बुंध्याशी, गवताच्या झुबक्यात, घोणस निघाली. काकींचा हात तिथून वीतभर लांब होता. घोणस फुस्कारली म्हणून वाचल्या. त्या दिवसापासून फुलं बंद. काकी ओट्यावर बसल्या त्या बसल्या. जेवण कमी झालं, बोलणं तर त्याहून कमी.

त्यांचा मुलगा संतोष चाकणला कंपनीत आहे. तो तडक आला आणि त्यानं निकाल दिला. "दिवाळीला जेसीबी आणतो. दगड, खुंट, उखळ सगळं उचलून वढ्यात. झाडं बी काढू. सपाट करून ब्लॉक टाकू, आन आईसाठी ओट्यापासनं आडापत्तोर स्टीलचा पाइप लावू, दवाखान्यात असतो तसा."

पोराचं काही चुकत होतं असं नाही. आईच्या हातापासून वीतभरावर घोणस बसलेली ज्यानं ऐकलीय, तो दुसरं काय बोलणार?

तात्या म्हणाले, "दगडाला हात लावायचा न्हाई."

"मग गवत कसं काढणार? दर दगडाभोवती माणूस बसवणार खुरपं घेऊन?"

"मशीन आणीन."

"कुठलं मशीन तुमच्या ह्या जंगलातनं फिरंल, तात्या?"

"आसंल की. दिवाळीपत्तोर थांब."

संतोषनं माझ्याकडं बघितलं, मी वर पत्र्याकडं बघितलं. म्हातारा दगडासाठी एवढा का हटून बसलाय, हे काही आम्हाला कळेना.

ते मला कळलं तीन-चार दिवसांनी. सकाळी शटर वर करून मागं पाणी टाकायला गेलो, तर तात्या अंगणात. डोळ्यांवर उपरणं घट्ट बांधलेलं, हात पुढं. डोणीला हात लावला, तिच्या कडेवरून बोटं सरकवत गेले, कडा संपली तिथून नाकासमोर पावलं टाकली, शेवगा. शेवग्याच्या गाठीवर तळवा ठेवून अंग वळवलं, खुंट. तिथून चिकू. चिकूपासून वाकून चाचपडले आणि उखळ घावलं तसं तोंडानं "हां" म्हणाले. मग आड, मग जास्वंद. माघारी येताना उखळापाशी पाय गवतात अडकून असे आपटले की मी बादली टाकून धावलो.

"तात्या! काय खूळ लागलं काय?"

उपरणं न सोडताच म्हणाले, "बाळू हाय व्हय? बरं झालं. बग, उखळापाशी पायात काय आलं? गवतच ना? तुझी काकी हितनंच वळती रं. दगड काढला तर ती जाईल कशी? दवाखान्यातला पाइप धरून जाईल व्हय ती? ओळखतोस ना तिला?"

मी खाली बसलो. इतकी वर्षं शेजारी राहतो, रोज ती बाई त्या वाटेनं जाताना बघतो, आणि एकदाही मला दिसलं नव्हतं की ती अंगणातून चालतच नाही. ती एका ओळखीच्याकडून दुसऱ्या ओळखीच्याकडं जाते. तात्यांनी उपरणं सोडलं आणि गुडघ्याची माती झटकली. "संतोषला बोलू नगंस. त्याच्या आईला कळंल. तिला वाटतं, मला ठाऊक न्हाई ती कशी जाती त्ये."

मग मशीनचा शोध सुरू झाला. त्यातलं सगळ्यात अवघड म्हणजे तात्यांची अट. त्यांच्या भाषेत बुंध्याभोवती न कापता राहिलेला गवताचा झुबका म्हणजे 'शेंडी'. घोणस शेंडीत बसते, काकींचा हात शेंडीवर पडतो, म्हणून मशीन कुठलंही असो, शेंडी राहता कामा नये. शिवाय झाडाची साल सोलायची नाही आणि दगडाला चरा पडायचा नाही.

पहिल्यांदा पाठीवर अडकवायचं ग्रास कटर आणलं. त्यानं शेंडी काढली, पण चिकूची साल काढली आणि एक खडा असा भिरकावला की माझ्या दुकानाचा ट्यूबलाइट गेला. तात्या म्हणाले, "लाथाळ हाय. परत दे." मग नारायणगावच्या बाजूचा एक छोटा ट्रॅक्टर भाड्यानं आणला, मागं गवत कापायची पाती. तो डोणीपाशी वळायला लागला तो वळतच राहिला, पुढं, मागं, पुढं, मागं, बाजारात नवरीचं लुगडं निवडावं तसं. शेवटी प्रत्येक दगडाभोवती ही थोरली शेंडी. ड्रायव्हरनं विचारलं, "तात्या, दगड हलवू का जरा?" तो ड्रायव्हर कुंपणावरून उडी मारून गेला. ट्रॅक्टर दुपारी त्याचा भाऊ येऊन घेऊन गेला.

त्यानंतर तात्यांनी माझ्या मोबाइलचा ताबा घेतला. परदेशातली माणसं गवत कापतात त्याचे व्हिडिओ. दुकानात गिऱ्हाईक मोटर घेऊन उभं, आणि तात्या काउंटरवर कोपर टेकून, "बग बग, गोऱ्याचं आंगण बग. एक दगड न्हाई, एक खुंट न्हाई. घर हाय का मसणवटा?" पण त्यातच त्यांना ते सापडलं. खुर्चीवर बसून चालवायचं मशीन, पुढं दोन लहान भिंगरीसारखी चाकं, मागं दोन मोठी, स्टेअरिंग नाहीच. मांडीवर दोन दांडे. एक दांडा पुढं, एक मागं केला की मशीन जागच्या जागी गर्रकन फिरतं. 'झिरो टर्न' म्हणतात त्याला. तात्यांनी तो व्हिडिओ किती वेळा बघितला देव जाणे. माझी बॅटरी संपली तेव्हा ते हळू आवाजात म्हणाले, "बाळू, ह्ये जनावर आपलं."

असलं मशीन मंचरच्या पुढं हायवेला एका दुकानात आहे असं कळलं. मी पिकअप काढली. तात्या आले ते खांद्यावर जुना कासरा आणि भुशानं भरलेली पोती घेऊन. कासरा म्हणजे बैलाचा लगाम, दोरी. तिला ठिकठिकाणी गाठी मारलेल्या.

"हे कशाला?"

"आंगण न्यायला नगं?"

मला वाटलं थट्टा आहे. दुकानामागं मोकळ्या प्लॉटवर गवत वाढलं होतं, तिथं सेल्समननं मशीन आणून उभं केलं आणि माहिती सांगायला तोंड उघडलं, तोवर तात्या कासरा पसरत निघाले. गाठ आली की पोतं. दोरी वळवली, गाठ आली, पोतं. एकदाही थांबले नाहीत, एकदाही मागं बघितलं नाही.

"काका, काय चाललंय?" सेल्समननं विचारलं.

"माजं घर मांडतुया. ही डोणी. ह्यो शेवगा. ह्यो खुंट. ह्यो चिकू, जरा तिरका हाय. ह्ये उखळ, ह्यो आड. आता कापा."

मी बघत राहिलो. हायवेला ट्रक धावतायत आणि त्या परक्या प्लॉटवर आमच्या शेजारचं अंगण जसंच्या तसं उभं. डोळ्याला उपरणं बांधून हा माणूस एकदा नाही, कितीदा तरी त्या वाटेनं गेला असणार, त्याशिवाय हे अंगात मुरत नाही.

सेल्समननं आधी मोठं मशीन घेतलं, रुंद पात्यांचं. झपाट्यानं निघालं, डोणीभोवती फिरलं, आणि खुंटावरून गेलं. पोतं फाटलं, भुसा हवेत. तात्या ओरडले, "आरं माझा खुंट मारला!" सेल्समन घाबरून म्हणाला, "काका, पोतं आहे." तात्या म्हणाले, "तुला पोतं, मला खुंट."

मग लहान मशीन काढलं. तात्यांनी आधी त्याच्याभोवती फेरी मारली. खाली वाकून पाती बघितली, म्हणाले, "दात बरं हायती." मागच्या चाकांवर थाप मारली, "पुठ्ठा भरल्याला हाय." पुढच्या भिंगऱ्या हातानं फिरवल्या, "खुरं जरा नाजूक. वल्ल्यात घालायचं न्हाई." मग सेल्समनला बाजूला सारून स्वतः खुर्चीवर चढले.

सेल्समन शिकवायला लागला, "काका, हे दोन लिव्हर..."

"कासरं हायती," तात्या म्हणाले. "डावा वढला की डावीकडं, उजवा वढला की उजवीकडं. मला काय सांगतुस?"

आणि निघाले! देवाशपथ सांगतो, असं काही मी बघितलं नव्हतं. जीभ टाळ्याला लावून टकटक करत, "हां राजा, हां," म्हणत तात्यांनी डोणीला वळसा घातला, शेवग्याभोवती गर्रकन फिरवलं, चिकूच्या तिरक्या अंगाला घासून न घासल्यासारखं नेलं. मागं गवत हजामत केल्यासारखं, शेंडीचं नाव नाही. सेल्समनचं तोंड उघडं ते उघडंच. माझंही, पण मी हातानं मिटलं.

मग आडापाशी पोचले आणि थांबायला त्यांनी दोन्ही दांडे जोरात मागं ओढले. बैलाचे दोन्ही कासरे ओढले की बैल उभा राहतो. हे मशीन दोन्ही दांडे ओढले की मागं जातं. ते मागं निघालं. तात्यांनी आणखी ओढले. ते आणखी मागं निघालं. "हो! हो! हो रं!" करत तात्या, मशीन आणि दुकानाची पाटी सगळे मिळून मेंदीच्या कुंपणात घुसले.

आम्ही धावलो. तात्या रागानं खुर्चीवरून उठले मात्र, इंजिन आपोआप बंद. तात्या चपापले. परत बसून मशीन चालू केलं, पाती फिरवली, उठले. परत बंद. "ह्ये काय?" त्यांनी विचारलं.

सेल्समन म्हणाला, "सेफ्टी आहे काका. माणूस उतरला की पाती फिरत नाहीत."

तात्यांनी मेंदीची पानं टोपीवरून झाडली. "मालक उतारला की उभं ऱ्हातंय. इमानी हाय. घेतो."

पण एक अडलं. चिकू आणि उखळ यांच्यामधून ते मशीनही जात नव्हतं. हातभर कमी पडत होतं, आणि घोणस निघाली होती ती नेमकी तिथंच. दोनदा तीनदा घालून बघितलं, दर वेळी पोतं सरकायचं. याहून लहान मशीन नाही, म्हणाला सेल्समन. "एकच दगड हलवा ना काका, बाकी सगळं जमतंय."

सगळं जमत असताना एका दगडासाठी हा माणूस नाही म्हणेल, असं त्याला वाटलं नसणार. तात्या उखळाच्या पोत्यावर जाऊन बसले. मी चहा आणून दिला, तो गार झाला. जेसीबी आला तर सगळेच दगड जाणार, मशीन घेतलं तर एकच. शेवटी उठले आणि म्हणाले, "चढीव गाडीत."

घरी मशीन उतरवलं तेव्हा काकींनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, चाकांवर पाणी घातलं, नव्या बैलाला करतात तसं. मग दोन्ही हातांनी चाचपून बघितलं. दांडे हाताला लागले तसं कितीतरी दिवसांनी हसल्या. "शिंगं लई लांब हायती की."

दुसऱ्या दिवशी संतोष आला. आम्ही तिघांनी पहारीनं उखळ उचकटलं आणि लोटत लोटत भिंतीला नेऊन टेकवलं. तात्यांनी दिवसभर अंगण कापलं. संध्याकाळी मी विचारलं, "काकींना सांगितलं का उखळाचं?"

"सांगतो," म्हणाले.

सांगितलं नव्हतं. सकाळी संतोष आणि मी कुंपणापाशी चहा घेत उभे होतो, तात्या आडाकडच्या कोपऱ्यात मशीन पुसत होते, आणि काकी ओट्यावरून उतरल्या. अंघोळ झालेली, पदर सारखा, हातात परडी. संतोष पुढं झाला, मी त्याचा शर्ट धरला. "थांब. बघ फक्त."

काकींनी डोणीच्या कडेवरून बोटं सरकवली. शेवग्यावर तळवा ठेवून वळल्या. खुंट. चिकू. संतोषनं कप खाली ठेवला. "हिला... हिला दगड लागत्यात?" तो पुटपुटला.

चिकूपासून काकी सवयीनं वाकल्या आणि हात पुढं केला. तिथं उखळ नव्हतं. हात हवेतच राहिला. एक पाऊल टाकलं, परत हात फिरवला. काही नाही. परडीचा हात छातीशी आला, आणि त्या बाईच्या चेहऱ्यावर जे उतरलं ते मला बघवेना. मी ओरडणार, तेवढ्यात कोपऱ्यातून तात्या अनवाणी धावत आले, पावलांचा आवाज न करता, आणि उखळाच्या जागी मांडी घालून, टोपी काढून, मान खाली घालून बसले.

काकींचा हात त्यांच्या डोक्यावर पडला.

हात थांबला. मग बोटं हळूहळू केसांतून फिरली, कानापाशी आली, परत वर गेली.

"उखळाला केस कवा आलं?" काकी म्हणाल्या.

तात्यांनी मान आणखी खाली घातली.

"बसा हितंच. माघारी येताना लागंल मला." आणि त्यांच्या डोक्यावर भार देऊन वळल्या, आणि सरळ आडाकडं गेल्या.

संतोषनं डोळे पुसले, मोबाइल काढला आणि जेसीबीवाल्याला म्हणाला, "नगं येऊस भाऊ. न्हाई, दिवाळीनंतर बी नगं."

काकींना त्या दिवशी फुलं तोडायला फार वेळ लागला. जास्वंदीशी बोलत होत्या की काय कोण जाणे. ऊन चढलं, दव वाळलं, तात्या तसेच बसलेले, डोकं उघडं, मान खाली. मला राहवेना. जवळ जाऊन म्हणालो, "तात्या, उठा आता. टोपी तरी घाला. काकींना अजून वेळ आहे."

त्यांनी मान वर केली नाही. "गप ऱ्हा बाळू," ते हळूच म्हणाले. "ती माघारी यायची हाय अजून."